समूह शाळा: पटसंख्या मोजली, पायवाट कोण मोजणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत सामावून 'समूह शाळा' उभ्या करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. त्या वेळी पुढे आलेली आकडेवारी अशी होती: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३. त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजार ४६७. शिकवणारे शिक्षक २९,७०७. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही उदाहरणे नमुना म्हणून समोर ठेवली गेली. राज्यभर विरोध झाला. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असा खुलासा सरकारकडून आला आणि चर्चा थंडावली.

चर्चा थंडावली, प्रश्न थंडावला नाही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचे समायोजन करण्याचा निर्णय गाजला होता. नंतर १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळांतील शिक्षकांची पदेच धोक्यात आली. शाळा बंद करण्याचा आदेश काढावा लागत नाही. शिक्षक काढून घेतला की पालक आपणच मुलाचा दाखला मागायला येतात.

म्हणून हा विषय आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवा, असे आम्हाला वाटते. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो. एकत्रीकरणाला सरसकट विरोध हे आमचे म्हणणे नाही. आराखडा पटावरच्या आकड्यापासून सुरू होतो, मुलाच्या घराच्या दारापासून सुरू होत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

छोट्या शाळेचे दुखणे खरे आहे

वरच्या आकड्यांचा भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक येतात. चार किंवा पाच इयत्ता, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यांतला एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेला एकटा सगळे वर्ग सांभाळतो. तिसरीत दोन मुले आणि चौथीत एक मुलगी असेल, तर कबड्डीचा संघ होत नाही, गटचर्चा होत नाही आणि त्या मुलीला वर्गमैत्रीण मिळत नाही. आमच्यापैकी अनेकजण अशाच शाळांत शिकलो. त्यामुळे छोटी शाळा म्हणजे आपोआप चांगली शाळा, असे भाबडे चित्र रंगवण्यात अर्थ नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हेच दुखणे मांडते. त्यात दिलेल्या आकडेवारीनुसार २०१६-१७ मध्ये देशात १ लाख ८ हजार १७ शाळा एकशिक्षकी होत्या. उपाय म्हणून धोरण 'शाळा संकुल' सुचवते. ही कल्पना मुळात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. आसपासच्या शाळांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडाशिक्षक, कलाशिक्षक एकमेकांत वाटून घ्यावेत, असा तिचा अर्थ. यात छोटी शाळा आपल्या जागी राहते आणि तिला मोठ्या शाळेचा आधार मिळतो. महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना याच कामासाठी हाताशी आहे. पण केंद्रप्रमुखांची अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. आधार देणारी रचना कमकुवत ठेवायची आणि मग छोटी शाळा एकटी पडली म्हणून ती मोठ्या शाळेत मिसळायची, हा उलटा न्याय झाला.

पट घटला कसा?

पटसंख्या पाऊसपाण्यासारखी आभाळातून ठरत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वाड्या विखुरलेल्या आहेत. चाकरमानी मुंबईला गेले, जन्मदर घटला आणि वाडीत शाळेच्या वयाची मुले मोजकीच उरली. मराठवाड्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबेच्या कुटुंबे जातात, तेव्हा मुलांचे नाव पटावर राहते आणि मूल फडात असते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर खासगी इंग्रजी शाळांची पिवळी गाडी गावागावांत पोहोचली. ज्यांच्याकडे फी भरायला पैसे होते त्यांची मुले त्या गाडीत बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती भूमिहीन, मजूर, आदिवासी, भटक्या आणि आपल्या वस्तीतली मुले.

इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ८१.२९ टक्के होते, देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त. बाबासाहेबांनंतरच्या तीन पिढ्यांची ही कमाई आहे आणि तिच्यात गावच्या सरकारी शाळेचा वाटा मोठा आहे. पण नोकरी लागलेला, शहरात स्थिरावलेला आपला माणूस गावच्या शाळेकडे वळून पाहत नाही. जयंतीला देणगी देतो, विहाराला फरशी बसवतो, पण शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक कधी होते हे त्याला माहीत नसते. पट घटण्याला सरकारी धोरण जबाबदार आहेच, आपले दुर्लक्षही जबाबदार आहे.

दोन किलोमीटर सगळ्यांना सारखे नसतात

नकाशावर दोन शाळांमधले अंतर दीड किंवा दोन किलोमीटर दिसते. मंत्रालयातल्या माणसाला ते किरकोळ वाटते. सहा वर्षांच्या मुलीसाठी त्याच अंतरात एक पऱ्या असतो, मोडका साकव असतो, महामार्ग ओलांडावा लागतो किंवा ऊस वाढल्यावर निर्जन होणारा रस्ता असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्या भरला की शाळा बुडते. आई-बाप पहाटे मजुरीला गेलेले असतील तर मुलाला सोडणार कोण? अशा वेळी आधी मुलगी घरी राहते आणि धाकट्या भावाला सांभाळते.

दुसरे अंतर नकाशावर दिसतच नाही. आपली वस्ती बहुतेक गावांत गावकुसाबाहेर आहे आणि कोकणात बौद्धवाडी वेगळी आहे. शाळा शेजारच्या मोठ्या गावात गेली की आपले मूल परक्या गावात, परक्या आळीतून जाणार आणि तिथे ते संख्येने थोडे असणार. रोजच्या दिवशी त्याचे काही वाटणार नाही. पण जयंतीची मिरवणूक, झेंडा किंवा फलक यावरून एखाद्या गावात ताण निर्माण झाला, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर कोण असते? सहा-सात वर्षांचे मूल असते. वस्तीतल्या शाळेत ज्या भीतीचा प्रश्न येत नव्हता, ती भीती एकत्रीकरणाच्या आराखड्यात कुठल्याही रकान्यात मोजलेली नाही. पोषण आहार कोण शिजवतो, पंगत कशी बसते, पाण्याच्या टाकीला कोण हात लावतो, हे प्रश्नही त्यात नाहीत.

कायदा काय सांगतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. त्यावर आधारलेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या वादात त्यातल्या पाच गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, कायदा 'शेजारची शाळा' हा शब्द वापरतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी ही मर्यादा एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर आहे. याच नियमांत वीस मुलांची अट आहे आणि सरकारी बाजू तिचाच आधार घेते. पण ती अट शाळा उभारण्याच्या संदर्भात आहे. चालू शाळा काढून घेण्याचा परवाना म्हणून ती वाचता येणार नाही, असे आमचे मत आहे.

दोन, पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत, असे कायद्याची अनुसूची सांगते. बारा मुले आहेत म्हणून एकच शिक्षक, हे त्या अनुसूचीत बसत नाही.

तीन, कलम ९ नुसार शेजारची शाळा उपलब्ध करून देणे, वंचित गटातील मुलाशी भेदभाव होऊ न देणे आणि आपल्या हद्दीतील प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

चार, कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित गटातील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात. शाळा मोठ्या गावात विलीन झाली की वस्तीतल्या पालकांचे हे बहुमत जाते. आपल्या शाळेत अध्यक्ष असलेली आई नव्या शाळेत एक सदस्य म्हणून तरी असेल का, याचे उत्तर आराखड्यात लेखी हवे.

पाच, कलम ३२ नुसार कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

न्यायालयांचा कौल सगळीकडे सारखा नाही. ओडिशात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा विलीन करण्याचा २०२० मधला निर्णय तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडण्याचा आदेश निघाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने जुलैमध्ये याचिका फेटाळल्या. त्याच महिन्यात खंडपीठाने सीतापूर जिल्ह्यापुरता 'जैसे थे' आदेश दिला. पुढे सरकारनेच एक किलोमीटरपलीकडच्या शाळा जोडणार नसल्याचे सांगितले. यातून एक धडा मिळतो. न्यायालयात उभे राहायचे तर भावनेपेक्षा अंतर, रस्ता, मुलांची नावे आणि समितीचा ठराव हे कागद उपयोगी पडतात.

वाचलेल्या पदांचा हिशेब

आता ज्याबद्दल उघडपणे कमी बोलले जाते तो भाग. १ लाख ८५ हजार ४६७ मुलांना तीस मुलांमागे एक शिक्षक या प्रमाणात बसवले, तर कागदावर सुमारे ६,१८२ शिक्षक लागतात. २०२३ च्या आकडेवारीनुसार त्यांच्यासाठी २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे साडेतेवीस हजार पदे कागदावर 'अतिरिक्त' ठरू शकतात. हा आमचा ढोबळ हिशेब आहे. सगळ्या शाळा एकाच वेळी विलीन होतील असे नाही आणि प्रत्यक्षात प्रमाण वेगळे पडेल. पण दिशा कळायला तो पुरेसा आहे.

डीएड, बीएड करून, टीईटी आणि टेट देऊन, 'पवित्र' पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या मुलामुलींनी हा हिशेब दोनदा वाचावा. पद अस्तित्वात असेल तरच त्यावर अनुसूचित जातींचे १३ टक्के आरक्षण लागू होते. पदच नसेल तर बिंदुनामावलीत भरायचे काय? गावच्या मुलाची शाळा आणि सुशिक्षित तरुणाची नोकरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे आपण समजतो. आराखड्यात ते एकाच ओळीत आहेत.

खर्च वाचवणे हा गुन्हा नाही. पण वाचलेला पैसा त्याच मुलांवर खर्च होणार का, हे विचारलेच पाहिजे. समग्र शिक्षा योजनेत दूरच्या वस्तीतील मुलाला वाहतुकीसाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शाळेचे किमान २०० दिवस धरले तर रोजचे जाऊन-येऊन ३० रुपये होतात. वाडीत चार मुले असतील तर १२० रुपयांत दोन फेऱ्या मारायला कोणता रिक्षावाला तयार होईल? एसटीची अहिल्याबाई होळकर योजना मुलींना मोफत पास देते, पण पाचवीपासून. आणि बंद होण्याच्या वाटेवरच्या शाळा बहुतेक पहिली ते चौथी-पाचवीच्या आहेत.

शाहू महाराजांनीही शाळा बंद केल्या होत्या

आपल्या इतिहासात एकत्रीकरणाचे एक थोर उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांसाठीच्या शाळेत घेण्याचा हुकूम दिला. शाळा बंद झाल्या, पण मुलांसाठी दार उघडले. त्या हुकमाचा हेतू मुलांना एका बाकावर आणण्याचा होता आणि तो पाळला जावा यासाठी राजसत्ता त्या मुलांच्या पाठीशी उभी होती.

शाळांची बेरीज-वजाबाकी न्यायाची की अन्यायाची, हे तपासायची कसोटी इथेच सापडते. विलीनीकरणानंतर सगळ्यात दुर्बळ मुलाच्या वाट्याला आधीपेक्षा जास्त शाळा येते की कमी? महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाला प्राधान्य मागितले. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाचा प्रश्न लावून धरला. दोघांच्याही नजरेसमोर हेच शेवटच्या रांगेतले मूल होते.

आराखडा कसा असावा?

कुठे एकत्रीकरण करायचेच असेल तर आमच्या मते त्याचा क्रम असा हवा.

१. आधी मुलांची यादी. प्रत्येक मुलाच्या घरापासून नव्या शाळेपर्यंतची वाट पायी चालून मोजावी, आणि तीही पावसाळ्यात. हवाई अंतर ग्राह्य धरू नये.

२. आधी गाडी, मग विलीनीकरण. वाहन आणि सोबतीची मदतनीस सुरू होऊन काही महिने नियमित चालल्यावरच जुनी शाळा हलवावी. गाडी बंद पडली तर जबाबदार कोण, त्याचे पदनाम लिहावे.

३. नवी शाळा खरोखर चांगली असावी. प्रत्येक इयत्तेला शिक्षक, मुलींसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह, पाणी, ग्रंथालय हे आधी दिसावे.

४. वस्तीतील पालकांची लेखी संमती आणि नव्या व्यवस्थापन समितीत त्यांच्या राखीव जागा. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडावा.

५. पहिली-दुसरीची मुले शक्यतो वस्तीतच राहावीत. अंगणवाडीला जोडून त्यांचे वर्ग चालवता येतात.

६. वर्षभराने तपासणी. किती मुले गळाली, त्यांत मुली किती, कोणत्या वस्तीतली, हे जाहीर करावे. गळती दिसली तर जुनी शाळा पुन्हा उघडावी. त्यासाठी जुन्या शाळेचा यूडायस क्रमांक आणि इमारत राखून ठेवावी.

डोंगर, नदी, धरणाचे पाणी किंवा महामार्ग आडवा येतो तिथे हा क्रमही पुरणार नाही. तिथे सहा मुलांची शाळा सहा मुलांसाठीच चालवावी लागेल. हक्काला पटसंख्येची अट नसते.

आता आपण काय करायचे?

निवेदने आपण खूप देतो. या वेळी निवेदनाआधी वही घ्यावी. आपल्या वस्तीतल्या शाळेचा पट, मंजूर पदे, भरलेली पदे आणि शेवटच्या तीन वर्षांत दाखला घेऊन गेलेली मुले यांची नोंद एका रविवारी चार तरुण करू शकतात. वस्ती ते प्रस्तावित शाळा ही वाट मोबाइलवर मोजावी, अडचणीच्या जागांचे फोटो तारखेसह ठेवावेत. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत का, ते बैठकीला जातात का, हे पाहावे. नसतील तर पुढच्या पुनर्रचनेला घरोघर जाऊन त्यांना उभे करावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांत शाळेचा विषय लेखी मांडून ठराव करून घ्यावा. विहारात अभ्यासिका असेल तर संध्याकाळचे दोन तास वस्तीतल्या शाळेच्या मुलांना द्यावेत. शाळा चांगली चालली की पट वाढतो, आणि पट वाढला की यादीतून नाव जाते.

हे काम एकट्या बौद्ध वस्तीचे नाही. त्याच शाळेत आदिवासी पाड्यावरची, धनगरवाड्यावरची, तांड्यावरची आणि अल्पभूधारक कुणब्याची मुले आहेत. समितीच्या बैठकीत त्यांचे पालक आपल्या शेजारी बसले पाहिजेत. शाळा वाचवण्याच्या निमित्ताने गाव एकत्र बसले, तर तेही थोडके नाही.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातला पहिला शब्द ज्या खोलीत गिरवला जातो, ती खोली दोन वर्गांची, गळक्या छपराची आणि बारा मुलांची असू शकते. तिच्या दाराला कुलूप लावण्याचा कागद येईल तेव्हा आपल्या हातात आपला कागद तयार असावा. तो याच महिन्यात तयार करायला घ्या.

जय भीम.